शेपटाकडचा थर्मास

आमच्या घरात डोंगर चढताना थर्मास शेवटच्या माणसाकडे असतो, आणि शेवटचा माणूस नेहमी मीच असते. लहानपणी माझे पाय आखूड होते म्हणून मी मागे राहायचे. तेव्हा दादाने मला शेपूट म्हणायला सुरुवात केली. पुढे पाय वाढले, नाव तेच राहिलं. आता मी चाळिशीला टेकले आहे आणि मनात आणलं तर दादाच्या आधी वर पोचेन, कारण त्याचं पोट त्याच्या दोन पावलं पुढे चालतं. पण मग थर्मास कोण घेणार, असा प्रश्न येतो, आणि आमच्याकडे असले प्रश्न कोणी उकरून काढत नाही.

डोंगर म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. शहराच्या टोकाला, जिथे बस वळून परत फिरते, तिथल्या पाण्याच्या टाकीमागून एक पायवाट जंगलात शिरते. लांबी म्हणाल तर काहीच नाही. कामावर जायच्या आधी लोक कानात गाणी घालून पळत वर जातात आणि पळत खाली येतात. पण चढ असा, की नाक गुडघ्याला लागतं. मुळं धरायची, दगडावर पाय ठेवायचा, पुन्हा मुळं धरायची. मध्यावर दोन कातळांच्या मधून जाणारी एक फट आहे. तिला आम्ही घसा म्हणतो. एका वेळी एकच माणूस, तोही पोट आत ओढून. घशातून बाहेर पडलं की थोडी चढण, आणि मग सपाट खडक. तो आमचा ओटा. तिथून सगळं शहर पायाखाली दिसतं.

ओट्याचं वेड बाबांचं. बाबा आयुष्यभर क्रेन चालवायचे. त्या उंच पिंजऱ्यात बसून त्यांनी अर्ध्या शहराच्या इमारती उचलून जागेवर ठेवल्या, आणि तिथेच त्यांचं हे ठाम मत झालं की जमिनीवर उभं राहून माणसाला काही धड दिसत नाही. "वरून बघितलं की प्रश्न केवढा आहे ते कळतं," असं ते म्हणतात. म्हणून घरातली प्रत्येक मोठी गोष्ट ओट्यावर ठरते. चढताना घरचा विषय काढायचा नाही, दम जातो. शेवटचा माणूस पोचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग थर्मास उघडायचा, त्याच्या झाकणात चहा ओतायचा, आणि ते एकच झाकण सगळ्यांत फिरतं. ज्याने घोट घेतला त्याला मान्य. वर ठरलं ते खाली उकरायचं नाही. आणि जो अर्ध्या वाटेतून परतला, त्याचं मत धरायचं नाही.

ऐकणाऱ्याला हसू येतं हे मला माहीत आहे. मलाही पूर्वी यायचं. पण दादाचं दुकान त्या खडकावर ठरलं. त्या दुकानात मागे बसायला घरचं माणूस हवं म्हणून माझं कॉलेज त्या खडकावर सुटलं. वहिनीला पहिल्यांदा घरच्यांना दाखवायला आणलं तेही तिथेच, उंच टाचांच्या सँडल घालून आली होती बिचारी, आणि ओट्यावर पोचली तेव्हा सँडल हातात होत्या. आईचे गुडघे गेल्यावर ती बसथांब्यावरच बसून राहायची. तिचं मत गेलं म्हणून मला फार वाईट वाटायचं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण टाकीपाशी बसमधून उतरलं की मी अजून त्या बाकाकडे बघते.

त्या रविवारी ओट्यावर मी ठरणार होते.

झालं असं होतं. दादाचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काचेची कपाटं, आरसे आणि दादाचं हसू. मागे पडदा, आणि पडद्यामागे मी. गोल काच यंत्राला लावायची, फ्रेमच्या आकाराची कड घासून काढायची, वर पाण्याची धार चालू ठेवायची, नाहीतर काच तापून तडकते. दिवस संपला की खालच्या तबकात पांढरा चिखल साचतो, तो खरवडून टाकायचा. त्या खोलीला खिडकी नाही. गिऱ्हाईकं मला आवाजावरून ओळखू येतात. त्यांच्या नाकावर जे बसतं ते माझ्या हातून गेलेलं असतं, पण नाकं मी पाहिलेली नाहीत.

रिकाम्या वेळात मी हाताने भिंगं घासते, हौस म्हणून. त्यातलं एक भिंग आमच्याकडे यंत्रं दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक घेऊन गेला आणि त्याने ते दुसऱ्या शहरातल्या एका कारखान्यात दाखवलं. तिथे सूक्ष्मदर्शकाची भिंगं बनतात. मला तिथून फोन आला. कामावर या, आम्ही शिकवू, राहायला वरच्या मजल्यावर खोली आहे. बोलणारी बाई सहज म्हणून गेली की आमच्याकडे सगळ्या भिंती खिडक्यांच्या आहेत, काच तपासायला दिवसाचा उजेड लागतो ना. सोमवारी सकाळपर्यंत कळवा, म्हणाली, नाहीतर आम्ही दुसऱ्या कोणाला तरी घेऊ.

मी बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "रविवारी वर बोलू," म्हणाले.

इथे बाबांच्या पायाचं सांगायला हवं, कारण सगळं त्या पायावर येऊन अडतं. इतकी वर्षं क्रेनवर चढउतार केली, साधं खरचटलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर बसच्या शेवटच्या पायरीवरून पडले. डावा घोटा मोडला आणि ताठच जुळला. चढताना त्यांना काही अडचण नाही, हात घट्ट आहेत, माकडासारखे वर जातात. उतरताना मात्र पुढे खांदा लागतो. तो माझा. येताना रांग उलटी होते, शेपूट पुढे येतं, आणि बाबा माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवून मागून उतरतात. घरीही तेच. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी खाली जायचं, खांदा. न्हाणीत जायचं, खांदा. क्रेनच्या दांड्या ओढलेली ती बोटं आहेत, गळपट्टीच्या हाडामागे अशी रुततात की रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगून काय होणार होतं?

आता दादा आणि वहिनीने वेगळं राहायला नदीपलीकडे छोटा फ्लॅट घेतला होता. बाबा हे घर सोडायला तयार नाहीत, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून. तेव्हा वर काय ठरणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. वहिनी पडद्यांची मापं घेऊन आली होती. आणि शुक्रवारी दादाने माझ्या मागच्या खोलीत एक नवा मोठा दिवा आणून लावला. "आता बघ, दिवसाउजेडी बसल्यासारखं वाटेल तुला," म्हणाला. दादा वाईट नाही. त्याला खरंच वाटलं होतं की त्याने माझी सोय केली.

तर आम्ही चढायला लागलो. दादा पुढे, मागे बाबा, मग वहिनी, मग थर्मास आणि मी. झाडांखाली ओल होती आणि कुजलेल्या पानांचा वास. बाबांच्या ताठ पायाने माती खाली ढकलली जायची आणि माझ्या बुटांवर यायची. कोणी बोलत नव्हतं. दादाचा श्वास मात्र सगळ्यांना ऐकू येत होता. बाबा एकदा मागे वळून म्हणाले, "शेपूट, येतंयस ना?" मी म्हटलं, "येतेय."

घशाशी आले आणि माझे पाय थांबले. वहिनीचे बूट वरच्या टोकाला दिसले, मग दिसेनासे झाले. मी आत शिरले, अर्ध्यापर्यंत गेले, तिथे एक पायरीएवढा दगड बाहेर आला आहे, त्यावर बसले. दोन्ही खांदे कातळाला लागले होते. वर आभाळाची एक पट्टी, खाली झाडांची एक पट्टी. पाठीवरचा थर्मास मणक्याला टोचत होता.

मी ठरवून बसले नव्हते. बसल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की मी बरोबर जागी बसले आहे. वर गेले की झाकण फिरणार, माझ्यापर्यंत येणार, आणि तिघं माझ्याकडे बघत असताना मी घोट घेणार. आजवर प्रत्येक वेळी घेतला होता. खाली गेले तर अर्ध्यातून परतलेली, मग ते काय ठरवतील ते मी ऐकायचं. पण इथे, मध्येच, शेवटचा माणूस पोचलेला नाही. आणि शेवटचा माणूस पोचल्याशिवाय आमच्याकडे तोंड उघडत नाहीत. शिवाय चहा माझ्याकडे. मी जोवर या दगडावर बसून आहे तोवर माझं काही ठरू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, चाळिशीची बाई, हातात कसब आहे, सरळ बॅग भरावी आणि निघावं. म्हणायला काय जातं. बॅग भरताना बाबा न्हाणीच्या दारात उभे राहून हाक मारणार, त्या हाकेचं काय करायचं ते सांगा. मला तिथे बसल्या बसल्या रडू आलं आणि रडायला नीट वाकताही येईना, एवढीशी जागा. मला या माणसांचा राग येत होता आणि त्यांच्याशिवाय कुठे राहिलेच नव्हते म्हणून भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी.

खालून एक धावपटू आला. घट्ट कपडे, कपाळाला पट्टी.

"मॅडम, वर जाताय की खाली?" त्याने विचारलं.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

त्याला ते फार पटलं नसावं. मी गुडघे पोटाशी घेतले, तो माझ्या डोक्यावरून दोन्ही कातळांना हात टेकत पलीकडे गेला. त्याच्या मागून एक नवरा-बायको आले. बायको म्हणाली, "चक्कर आलीय का तुम्हाला? पाणी देऊ?" मी नको म्हटलं. नवरा म्हणाला, "मग जरा बाजूला बसा ना." घशात बाजू नाही हे त्याला दिसत होतं, पण बोलायचं म्हणून बोलला. तेही मला ओलांडून गेले. बायकोने जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोल सावरायला की मायेने, कोण जाणे.

मग वरून दादाची हाक आली. "शेपूट! अगं, राहिलीस कुठे?"

मी उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कातळातून हाक घुमत खाली गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली, आणि मग वरून वाळू घरंगळली आणि वहिनीचे बूट दिसले. तीच येणार. दादाला उतरून पुन्हा चढणं झेपलं नसतं आणि बाबांना खांद्याशिवाय उतरता येत नाही.

वहिनी पाठमोरी उतरत माझ्या अगदी जवळ आली, कशीबशी वळली आणि माझ्या वरच्या दगडावर बसली. आमचे गुडघे एकमेकांना लागले. घशात दोन माणसं समोरासमोर आली की एकाला मागे हटावंच लागतं. आम्ही दोघी हटलो नाही.

"पाय मुरगळला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय झालं? बाबांची गोळी घ्यायची वेळ झालीय, चहाबरोबर घेतात ते. दे तरी थर्मास."

"मी आल्याशिवाय उघडायचा नाही ना?"

"अगं, आता पुरे."

"पुरे काय? मी पोचले नाही तर ठरणार नाही. मग मी नाहीच पोचत."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. ती प्रयोगशाळेत रक्त काढते. सुई टोचायच्या आधी ती माणसाकडे जशी बघते, तशी नजर होती, दुखणार आहे हे माहीत असलेली.

"ठरलंय," ती म्हणाली. "गुरुवारी. तू दुकानात होतीस, तो घाईचा चष्मा करत. जेवणाच्या टेबलावर बोललो आम्ही. तू बाबांबरोबर राहायचं आणि दुकानात तुझा हिस्सा ठेवायचा, असं तुझा दादा म्हणाला. वर फक्त तुला सांगायचं होतं."

मी म्हटलं, "वर ठरतं. आपल्याकडे वर ठरतं."

"तुला खरंच असं वाटतं?"

मी थर्मासचा पट्टा ओढून घट्ट केला.

"मी लग्न होऊन आले ना," वहिनी म्हणाली, "तेव्हा मीही विचारलं होतं आईंना, की तुम्ही खाली बसता, तुमचं मत कसं धरत नाहीत, हा कुठला न्याय. आई हसल्या. म्हणाल्या, माझं मत मी स्वयंपाकघरात आधीच देऊन येते. डोंगर शेपटासाठी आहे. तिला वर नेऊन सांगितलं की ती ऐकते, घरी सांगितलं की तोंड पाडते."

कातळ गार होता आणि माझी पाठ तापली होती. मी त्या बाकावर बसलेल्या आईला आठवत होते, पर्स मांडीवर घेऊन, आमची वाट बघत. मी दर वेळी खाली आल्यावर तिला धावत जाऊन सांगायचे, आई, वर असं असं ठरलं. आणि ती म्हणायची, हो का? बरं झालं. तिने ते फसवायचं म्हणून केलं नसणार. पोरीला सोपं जावं म्हणून केलं असणार. त्यानेच मला जास्त लागलं. कॉलेजच्या वेळीही मी घोट घेतला होता आणि तोंड पुसून म्हटलं होतं, मला मान्य आहे. तेव्हा मला मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

"हे तू मला आज का सांगतेस?" मी विचारलं.

"कारण तू इथे बसून राहिलीस तर मला तिथे जाऊन काय सांगू ते सुचत नाही." मग वहिनीचा आवाज फाटला. "आणि तू गेलीस तर मी अडकते, म्हणून. तुला काय वाटतं, मला कळत नाही तुझं? त्या खोलीत मी दोन तास बसू शकणार नाही. पण तू गेलीस की फ्लॅट गेला. मग मी सकाळची पाळी सोडायची आणि तिसऱ्या मजल्यावर त्या न्हाणीच्या दाराशी उभं राहायचं. लग्न झाल्यापासून मला माझं असं एक स्वयंपाकघर हवं होतं गं. कपाट उघडलं की मी ठेवलेलीच वस्तू दिसेल, एवढंच. पडदेसुद्धा शिवायला टाकलेत मी."

"कुठल्या रंगाचे?"

"पिवळे."

मला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही. दोघींचे गुडघे एकमेकांत अडकले होते आणि एक वर गेल्याशिवाय दुसरी हलू शकत नव्हती. मी राहिले की ती सुटते. ती राहिली की मी सुटते. आम्ही बराच वेळ त्याच हिशोबात बसलो, एकमेकींच्या बुटांकडे बघत. तेवढ्यात वरून पुन्हा दादाची हाक आली.

"अगं, दोघी कुठे मेलात? बिस्किटं तरी उघडू का?"

वहिनीने वर बघितलं. मी पण वर बघितलं. आणि मग आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

त्या घशात इतका वेळ आम्ही दोघींनी मिळून बाबांचा पाय, तिसरा मजला, न्हाणी, सकाळची पाळी सगळं मोजलं होतं. या मोजणीत दादाचं नाव एकीच्याही तोंडात आलं नव्हतं. त्याला दोन चांगले रुंद खांदे आहेत. ते आमच्या हिशोबात धरलेच नव्हते, बाबांनी नाही, आईने नाही, खुद्द आम्हीही नाही.

"चल," मी म्हटलं. "तू पुढे हो."

"काय करणार आहेस?"

"चहा देणार आहे. गोळीची वेळ झालीय म्हणालीस ना."

ओट्यावर बाबा शहराकडे तोंड करून बसले होते. दादाने बिस्किटं उघडलीच होती, तुकडे शर्टावर पडले होते. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. "काय गं, घाबरवलंस," म्हणाला. मी थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतला. एवढ्या वेळात तो कोमट झाला होता. बाबांनी गोळी घेतली, घोट घेतला, ओठ पुसले.

"तर," ते म्हणाले, "तुझं ते कामाचं. आम्ही असा विचार केलाय—"

"मी जाणार आहे, बाबा," मी म्हटलं. "उद्या सकाळी फोन करून हो म्हणणार आहे."

झाकण दादाच्या हातात होतं. त्याने बाबांकडे बघितलं, काय करायचं ते न कळून एक घोट घेतला आणि ते वहिनीकडे दिलं. वहिनीने झाकण धरलं, त्यात बघितलं आणि न पिता माझ्याकडे सरकवलं.

"अगं, घे ना," दादा म्हणाला.

"गरम आहे," वहिनी म्हणाली.

मी झाकण घेतलं आणि दोन पावलांवर, खडकाच्या खळग्यात नीट ठेवून दिलं. सांडलं नाही. बाबा त्या झाकणाकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, "हे काय इथे बोलायचे विषय आहेत का? घरी जाऊन बघू."

इतक्या वर्षांत कुठलाही विषय ओट्यावरून घरी गेला नव्हता. मला हसू आलं. रडायला आलं असतं तरी चाललं असतं, दोन्ही जवळच होतं.

"घरी बघण्यासारखं काही राहिलं नाही," मी म्हटलं.

दादाने बिस्किटांचा पुडा दुमडला, उघडला, पुन्हा दुमडला. खाली शहरात कुठेतरी क्रेन फिरत होती, रविवारीसुद्धा. बाबा तिच्याकडे बघत होते. मग ते उठले, कारण ऊन चढलं होतं आणि कधीतरी उठायलाच हवं होतं.

उतरताना रांग उलटी झाली. शेपूट पुढे. मी घशाच्या जरा अलीकडे उभी राहिले आणि सवयीने उजवा खांदा जरा खाली केला. बाबांचा हात आला. बोटं हाडामागे नेहमीच्या जागी बसली. नेहमीपेक्षा घट्ट, असं मला वाटलं. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि मला स्वच्छ कळलं की आता गेले तर घरापर्यंत जाईन, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईन, आणि उद्या सकाळी फोन हातात घेईन तेव्हाही हा हात इथेच असेल.

मी थांबले. "दादा, पुढे ये," मी म्हटलं.

"मी? अगं मी मागे असतो ना."

"आज पुढे ये."

तो वहिनीला आणि बाबांना ओलांडून पुढे आला, कातळाला पोट घासत. मी बाबांचं मनगट धरलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावरून काढायला गेले तर बोटं सुटेनात. एकेक सोडवावी लागली. बाबा माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं आपण काहीतरी तोडतोय. मी तो हात दादाच्या खांद्यावर ठेवला आणि वरून माझा हात क्षणभर दाबून धरला, बसला की नाही बघायला.

"आता?" दादाने विचारलं.

"आता उतर. डावा पाय टेकेपर्यंत थांबायचं, मग पुढचं पाऊल."

"मला नाही जमायचं गं. मी पडलो तर?"

"मग दोघं पडाल," मी म्हटलं. "म्हणून पडू नकोस."

वहिनी मागून पुढे सरकली. तिने थर्मास माझ्या पाठीवरून सोडवून स्वतःच्या खांद्याला अडकवला आणि म्हणाली, "जा तू."

"कुठे चाललीस?" बाबांनी विचारलं.

"खाली," मी म्हटलं. "तुमच्या पुढे."

मी घशातून एकटीच उतरले. मला वाटलं होतं खांदा हलका होईल. तसं झालं नाही. तो उघडा पडल्यासारखा वाटत होता, वारा लागत होता. आणि पाय अजून दर पावलाला थांबत होते, मागचा डावा पाय टेकेल म्हणून. मागे कोणी नव्हतं. तरी थांबत होते. असं किती दिवस चालेल कोण जाणे, माझं मलाच हसू येत होतं.

घशाखालच्या मुळांपाशी पोचले तेव्हा वरून दादाचा आवाज आला, धापा टाकत.

"बाबा, जरा सैल धरा ना. दुखतंय."

"काय दुखतंय?" बाबा म्हणाले. "तिला कधी दुखलं नाही."

मी मुळाला धरून थांबले आणि वर बघितलं. कातळांच्या मधून ते दोघं दिसत नव्हते.

"दुखायचं, बाबा," मी खालून म्हणाले, आणि उतरत राहिले.